एआयच्या काळात पदवीचा विषय निवडताना: एका स्ट्रक्चरल इंजिनीअरची रीत

"कुठल्या शाखेला स्कोप आहे?" हा प्रश्न मला नातेवाइकांकडून, मैत्रिणींच्या मुलांकडून, कधी कधी लिफ्टमध्ये भेटलेल्या शेजाऱ्यांकडूनही येतो. अलीकडे त्याला एक शेपूट जोडलेलं असतं: "म्हणजे एआय आलं तरी टिकेल अशी?" शाखेचं नाव हे या प्रश्नाचं उत्तर नाही. जो कुणी छातीठोकपणे नाव सांगतो, त्याचा सल्ला चहा होईपर्यंत ऐकावा आणि सोडून द्यावा. शोधायची रीत मात्र सांगता येते.

मी करिअर समुपदेशक नाही. स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे. इमारतीचे कॉलम, बीम, पाया यांचे हिशोब तपासणं आणि त्याखाली सही करणं हे माझं काम, आणि नव्या पदवीधरांच्या मुलाखती घेणं हे माझ्या गळ्यात पडलेलं काम. पण माझ्या धंद्यातलं माणसाचं काम यंत्राने याआधी दोनदा खाल्लं आहे. त्यामुळे कोण गेलं, कोण राहिलं आणि का, हे सांगण्यापुरतं मला कळतं.

१९३० साली हार्डी क्रॉस या अमेरिकन प्राध्यापकाने इमारतीच्या सांगाड्यातले मोमेंट, म्हणजे बीम-कॉलमला वाकवू पाहणारा जोर, हाताने, टप्प्याटप्प्याने काढायची पद्धत मांडली. पुढची काही दशकं इंजिनीअर मंडळी कागदावर तक्ते आखून तेच करत बसायची. मोठ्या सांगाड्याला दिवसच्या दिवस जायचे. संगणक आला आणि ते काम मिनिटांवर आलं. मग १९८२ मध्ये संगणकावर ड्रॉइंगं काढायचं ऑटोकॅड आलं आणि ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघा ओढणारे ड्राफ्ट्समन ऑफिसांतून हळूहळू दिसेनासे झाले. देखणं अक्षर, सुईसारखी रेघ, वर्षानुवर्षं कमावलेला हात, सगळं एका पिढीत बिनकामाचं झालं. हिशोब करणारे इंजिनीअर मात्र गेले नाहीत. हिशोब यंत्रच करत होतं, तरीही नाहीत. का?

याचं उत्तर मिळायला दोन अपघात पुरेत.

अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात १९७० च्या दशकात एका मोठ्या क्रीडागृहाचं पोलादी जाळीचं छत संगणकावर विश्लेषण करून बांधलं. छत जमिनीवर जोडून वर चढवलं, तेव्हा ते संगणकाने सांगितलेल्याच्या साधारण दुप्पट वाकलेलं होतं. हे मोजलेलं होतं, कळवलेलंही होतं. थोडाफार फरक पडायचाच, म्हणून विषय मिटवला गेला. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या ओझ्याखाली ते छत कोसळलं. काही तासांपूर्वीच तिथून सुमारे ५,००० प्रेक्षक बास्केटबॉलचा सामना पाहून घरी गेले होते. यंत्राची आकडेमोड चुकली नव्हती. वरच्या पट्ट्यांना मधोमध पुरेसा आधार आहे, असं त्याला सांगितलेलं गृहीतकच खोटं होतं.

दुसरा अपघात नॉर्वेचा. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लाइप्नर ए या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा प्रचंड पाया खाडीत चाचणी चालू असताना फुटून बुडाला. संगणक हिशोबासाठी मॉडेलचे लहान तुकडे पाडतो; ती जाळी जिथे बारीक हवी तिथे ओबडधोबड होती, त्यामुळे भिंतींवरचा शिअर, म्हणजे कापू पाहणारा जोर, ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला होता. नंतर नीट विश्लेषण केलं तेव्हा भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं निघालं. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. मला त्यापुढचा भाग जास्त आवडतो. नवा पाया घाईने करायचा होता, तेव्हा संगणकाच्या नव्या निकालांची वाट न पाहता जुन्या, हाताच्या हिशोबांवर डिझाइन पुढे रेटलं. नंतर पडताळून पाहिलं तर ते हिशोब भरवशाचे निघाले.

तर राहिले ते "हे उत्तर पटत नाही" असं म्हणू शकणारे. उत्तर काढणं स्वस्त झालं, तपासणं महागच राहिलं. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि हीच गोष्ट वकिली, पत्रकारिता, प्रोग्रामिंग, हिशेबनिशी, सगळीकडे एकदम लागू झाली. फरक इतकाच की आता चुकीचं उत्तरसुद्धा फार गोड भाषेत, स्वच्छ परिच्छेद पाडून येतं.

म्हणून विषय निवडताना माझा एकच प्रश्न असतो. हा विषय तीन-चार वर्षं मनापासून शिकल्यावर, यंत्राने दिलेलं सफाईदार उत्तर चुकलंय हे तुम्हाला ओळखता येईल का, आणि ते ओळखण्याचे पैसे कुणी देईल का? दोन्हीला "हो" असेल तर शाखेचं नाव काहीही असो. आता हे शोधायचं कसं ते पाहू.

कामाचे तुकडे पाडा

२०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बोर्न या दोघांनी अंदाज केला की अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्यांना स्वयंचलनाचा मोठा धोका आहे. तो आकडा जगभर फिरला, अजूनही फिरतो. २०१६ मध्ये ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात तोच प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला: अख्खा व्यवसाय न धरता माणूस दिवसभरात जी कामं करतो ती धरली. आकडा आला ९ टक्के. दोन्ही अंदाज आजच्या एआयच्या आधीचे आहेत, त्यामुळे आकडे सोडून द्या, पण रीत उचला. व्यवसायाच्या नावाकडे बघाल तर घाबराल किंवा हुरळून जाल. कामाच्या तुकड्यांकडे बघाल तर काहीतरी कळेल.

तुम्हाला जो विषय खुणावतोय, तो शिकून दोन-तीन वर्षं नोकरी केलेली व्यक्ती गाठा. मोठा साहेब नको. त्याला आपलं पहिलं वर्ष आता गुलाबी दिसतं. गाठलेल्या व्यक्तीला "तुझं काम कसं असतं?" असं विचारू नका, त्यावर भाषण मिळतं. "मागच्या मंगळवारी सकाळी आल्यापासून संध्याकाळपर्यंत काय काय केलंस?" असं विचारा आणि लिहून घ्या. असे दोन-तीन मंगळवार वेगवेगळ्या माणसांकडून गोळा करा.

आमच्या ऑफिसातल्या ज्युनियरचा एक दिवस असा असतो. आर्किटेक्टने बदललेली ड्रॉइंगं जुन्यांशी ताडून बघणं. मॉडेलमध्ये बदल घालून पुन्हा चालवणं. अहवालाचा मसुदा. दुपारी साइटवर जाणं, कारण कॉलम आणि बीम जिथे मिळतात तिथे सळ्यांची इतकी दाटी झालीय की मधून काँक्रीट उतरेल की नाही याची मुकादमाला शंका आहे. तिथेच उभं राहून, कागदावर न दाखवलेला पाइप कुठून आला याचा वाद. परत येऊन ते सगळं ईमेलमध्ये.

आता या यादीवर पेन्सिल फिरवा. शब्द किंवा आकडे आत गेले आणि शब्द किंवा आकडेच बाहेर आले, चूक झाली तर पुन्हा करता येते, आणि याची हजारो उदाहरणं आधीपासून कुठेतरी लिहिलेली आहेत: अशा तुकड्यांवर फुली मारा. मसुदा, ईमेल, ड्रॉइंगं ताडणं, हे सगळं फुलीत. सळ्यांची दाटी आणि मुकादमाचा वाद फुलीत नाही. रोबोटिक्सवाले हान्स मोरावेक यांनी १९८८ मध्येच लिहून ठेवलं होतं की बुद्धिमत्तेच्या चाचणीत किंवा पटावरच्या खेळात यंत्राला मोठ्या माणसाच्या बरोबरीला आणणं सोपं, पण बघण्यात आणि हालचालीत एका वर्षाच्या मुलाची बरोबरी करणं महाकठीण. ही दरी पुढे कमी होईल, पण साइटवर अजून तरी ती चांगलीच रुंद आहे.

फुल्या निम्म्याहून जास्त झाल्या म्हणून विषय लगेच सोडू नका. उरलेला भाग कोणता आहे ते बघा. तो भाग फुलीवाल्या कामांचा न्यायाधीश असेल, तर फुल्या वाढल्या तरी चालतं. तो नुसता सरबराईचा असेल, म्हणजे फाइल इकडून तिकडे देणं, आठवण करून देणं, तर मात्र विचार करा.

सही कुणाची

त्याच माणसाला आणखी तीन गोष्टी विचारा. तुझ्या कामात चूक झाली तर भोगतं कोण? चूक कधी कळते, लगेच की वर्षांनी? आणि शेवटी कागदावर सही कुणाची असते?

जिथे चूक उशिरा कळते आणि महाग पडते, तिथे जबाबदार माणूस लागतोच. कायदा लावतो, विमा कंपनी लावते, आणि दोन्ही नसले तरी ग्राहक लावतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका केंद्रीय न्यायालयात दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले दाखले म्हणून सादर केले. न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड केला तो वकिलांना. यंत्राला कुणी पिंजऱ्यात उभं केलं नाही. वकिलीचं शिक्षण घ्यावं की नाही याचं उत्तर या एका प्रकरणात बरंचसं आहे: दाखले शोधून देणं हे काम म्हणून आता फारसं उरणार नाही, पण दाखला खरा आहे आणि इथे लागू होतो, असं न्यायालयात सांगणारा लागेल.

रेडिओलॉजीचं उदाहरण सगळे देतात, मीही देते. आजच्या एआयचा पाया घालणाऱ्यांपैकी एक जेफ्री हिंटन, ज्यांना पुढे २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, ते २०१६ मध्ये म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवायला हवं. पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत यंत्र त्यांच्यापुढे जाईल. प्रतिमा वाचणारी यंत्रं खरोखर आली, चांगली आली. रेडिओलॉजिस्ट मात्र अजून हवेच आहेत, अनेक देशांत ते कमी पडताहेत. त्यांचं काम चित्र वाचण्याएवढंच कधी नव्हतं. कोणती तपासणी करायची, जुन्या फिल्मशी ताळा लागतो का, शस्त्रक्रिया करणाऱ्याला काय सांगायचं, अशी कितीतरी कामं त्यात होती. त्या वर्षी हिंटन यांचं ऐकून ज्याने शाखा सोडली असेल, त्याने व्यवसायाचं नाव ऐकलं, तुकडे पाहिले नाहीत. भाकीत करणारा कितीही मोठा असो, त्याला यंत्राचं कळतं, तुमच्या व्यवसायाचं कळेलच असं नाही. आणि हे माझ्यासकट सगळ्यांना लागू आहे.

अभ्यासक्रम वाचा, माहितीपत्रक नको

माहितीपत्रकात सगळेच जण भविष्यासाठी सज्ज असतात. तुम्ही विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून प्रत्यक्ष अभ्यासक्रम काढा आणि मधल्या वर्षांचे विषय वाचा. पहिलं वर्ष सगळीकडे सारखं असतं, शेवटच्या वर्षाला हौशी नावं असतात. खरं शिक्षण मधे होतं.

मी तिथे दोन गोष्टी शोधते. पहिली, पायाचे विषय किती खोल आहेत: गणित, संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र, भाषेचं व्याकरण, शरीररचना, जे काही त्या शाखेचं मूळ असेल ते. दुसरी, वस्तूशी किंवा माणसाशी गाठ किती तास पडते: प्रयोगशाळा, रुग्णालय, शेत, कार्यशाळा, वर्ग, न्यायालय. यंत्राच्या उत्तराला "नाही" म्हणायची ताकद या दोनच ठिकाणांहून येते. एक तर मूळ तत्त्व पक्कं असतं, नाहीतर तुम्ही ती गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली असते.

कुठल्यातरी अवजाराच्या नावाच्या पदव्यांपासून जरा लांब राहा. अवजाराचं आयुष्य पदवीपेक्षा कमी असतं. २०२३ मध्ये "प्रॉम्प्ट इंजिनीअर", म्हणजे एआयला नेमक्या सूचना लिहून देणारा, हे भावी पिढीचं करिअर म्हणून मिरवलं जात होतं. थोड्याच काळात यंत्रं साध्या भाषेतली सूचना समजून घ्यायला लागली आणि ते स्वतंत्र पद म्हणून विरत गेलं. पदवीच्या पातळीवर "एआय" हे नाव असलेला कोर्स दिसला तर त्यातलं रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि संगणकशास्त्राचे मूळ विषय मोजा. भरपूर असतील तर तो चांगला कोर्स आहे, नाव काही का असेना. तयार सॉफ्टवेअर चालवायला शिकवणारेच विषय जास्त असतील तर ते तुम्ही घरी शिकू शकता.

आणि परीक्षा कशी घेतात ते विचाराच. सगळे गुण घरी लिहून आणायच्या निबंधांवर असतील तर त्या पदवीवरचा मालकांचा विश्वास उडायला वेळ लागणार नाही. तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक, समोर बसून सोडवायचे पेपर असणारा विभाग त्रासदायक वाटतो. तोच घ्या.

एक चाचणी, जी मी मुलाखतीत घेते

उमेदवारापुढे मी सॉफ्टवेअरच्या निकालाचा छापील कागद ठेवते. ६ मीटरचा बीम, दोन्ही टोकांना साधा आधार (टोकं फिरायला मोकळी), मीटरला २० किलोन्यूटन भार, असं वर चित्रात स्पष्ट लिहिलेलं. खाली तक्त्यात मधल्या बिंदूचा मोमेंट ३० किलोन्यूटन-मीटर. कागद देखणा असतो, रंगीत आलेखासकट.

पहिल्या प्रकारचा उमेदवार त्या ३० वरून सळ्यांचा हिशोब काढायला घेतो आणि सुरेख अहवाल लिहितो. दुसऱ्या प्रकारचा भुवई उचलतो. "वीस गुणिले सहाचा वर्ग, भागिले आठ. नव्वद यायला हवेत. तीस कसे?" मग तो तक्त्यात शोधतो, टोकांना उणे ६० दिसतात, आणि म्हणतो, "मॉडेलमध्ये टोकं जखडलेली आहेत." हेच. मॉडेल भरणाऱ्याने आधाराचा पर्याय चुकीचा निवडला होता. सॉफ्टवेअरने त्याला विचारलेल्या प्रश्नाचं अचूक उत्तर दिलं होतं. या उत्तरावर बांधलं असतं तर बीमच्या पोटात हवं त्याच्या साधारण तिसरा हिस्सा लोखंड पडलं असतं.

दुसऱ्या उमेदवाराला नोकरी मिळते. त्याचे गुण मी त्यानंतर बघते.

ही चाचणी तुम्ही तुमच्या विषयासाठी प्रवेशाआधीच करू शकता. त्या विषयाच्या तिसऱ्या वर्षाचा एखादा जुना पेपर मिळवा. त्यातला एक मोठा प्रश्न एआयला द्या. आलेलं उत्तर घेऊन त्याच विषयाच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्याकडे जा आणि म्हणा, "यातलं काय चुकलंय ते दाखव." त्याला काहीच सांगता आलं नाही, तर एक तर तो विद्यार्थी कच्चा आहे, किंवा तो विभाग, किंवा त्या विषयात यंत्र खरोखर पुढे गेलंय. आणखी दोघातिघांना विचारलंत की यातलं कोणतं ते उलगडेल. त्याने पाच मिनिटांत लाल पेनाने तीन जागा दाखवल्या आणि त्या का चुकीच्या हे तुम्हाला समजावलं, तर तुम्हाला विषयही कळला आणि शिकवणारे कसे आहेत तेही कळलं. समजावताना त्याच्या डोळ्यांत मजा दिसली, तर सोन्याहून पिवळं.

पहिली पायरी

आता खरी काळजीची गोष्ट. वरची सगळी चर्चा तपासणाऱ्याची आहे, पण कुणी जन्मतः तपासनीस नसतो. माणूस आधी साधी, कंटाळवाणी, फुलीवाली कामं करतो आणि त्यातून त्याची नजर तयार होते. नेमकी तीच कामं यंत्राकडे चालली आहेत. स्टॅनफर्डच्या अर्थतज्ज्ञांनी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पगाराच्या नोंदी तपासल्या. सॉफ्टवेअर आणि ग्राहकसेवेसारख्या एआयच्या तडाख्यातल्या कामांत २२ ते २५ वयाच्या मुलांचा रोजगार घटलेला दिसला. त्याच कामांतल्या अनुभवी लोकांचा टिकला होता. म्हणजे वरचे मजले शाबूत आणि जिना निघालेला. लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच या विसंगतीवर बोट ठेवलं होतं: यंत्रावर देखरेख करायला कुशल माणूस हवा, आणि यंत्रच त्याला कुशल व्हायची संधी देत नाही.

म्हणून विषय निवडताना जिना बघा. ज्या शाखांत उमेदवारी शिक्षणातच शिवलेली आहे, तिथे तो अजून जागेवर आहे: वैद्यकीय आणि नर्सिंगचे वॉर्ड, फिजिओथेरपी, शिक्षणशास्त्रातला सरावपाठ, लेखापरीक्षणातली उमेदवारी, अभियांत्रिकीतली साइट, संशोधनाच्या प्रयोगशाळा. जिथे ही सोय नाही तिथे ती विभागाने करून दिली पाहिजे. विचारा: इंटर्नशिप सक्तीची आहे का, किती महिन्यांची, आणि ती कुठे करायची हे विभाग ठरवतो की "तुमचं तुम्ही बघा" म्हणतो? गेल्या वर्षी पास झालेली मुलं आज कुठल्या टेबलावर बसतात, हे विचारा. सरासरी पगाराचा आकडा विचारू नका, त्यात एकदोन मोठे मासे घालून हवा तसा फुगवता येतो.

काही शाखांबद्दल, मला वाटतं तसं

संगणकशास्त्राबद्दल सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून थोडं सविस्तर. "कोडिंग संपलं" म्हणणारे आणि "काही होत नाही" म्हणणारे, दोघेही मला घाईचे वाटतात. दिलेल्या वर्णनावरून सुटसुटीत कोड लिहून देणं हे काम स्वस्त होत चाललंय, यात वाद नाही. पण २०२५ मध्ये मेटर या संशोधनसंस्थेने १६ अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांवर काम करायला दिलं. एआय वापरू दिलं तेव्हा त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि त्यांना स्वतःला मात्र आपण २० टक्के वेगाने काम केलं असं वाटत होतं. नमुना लहान, अवजारं तेव्हाची, तरी ती "वाटत होतं" ची गोष्ट विसरू नका. या शाखेला जायचं असेल तर ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटाबेस, सुरक्षा हे कंटाळवाणे समजले जाणारे विषय मन लावून करा, कारण मोठी यंत्रणा मध्यरात्री बंद पडते तेव्हा कारण तिथे सापडतं. केवळ पगार ऐकून जाणाऱ्यांनी मात्र यावेळी थांबावं.

नर्सिंग, फिजिओथेरपी, विशेष मुलांचं शिक्षण: यांना घरच्या बैठकीत कुणी फारसं विचारत नाही, ही आपली चूक आहे. माणसाचं अंग हाताळणं आणि त्याचा विश्वास मिळवणं, दोन्ही फुलीत बसत नाही. काम जड आहे, पाठ दुखते, हे खरं.

वीज, पाणी, यंत्रं, बांधकाम या जुन्या अभियांत्रिकी शाखांकडे मी पक्षपाताने बघणार, त्यामुळे एवढंच म्हणते की एआयच्या डेटा सेंटरलासुद्धा वीज आणि गारवा लागतो, आणि त्याची केबल कुणीतरी ओढतं.

जीवशास्त्र, रसायनशास्त्र. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल प्रथिनांच्या कामाला गेलं: अर्धं डेव्हिड बेकर यांना, अर्धं प्रथिनांचा आकार ओळखणारं अल्फाफोल्ड हे एआय घडवणाऱ्या डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना. प्रथिनाचा आकार संगणकावर कळला, तरी ते पेशीत काय करतं हे प्रयोग करूनच बघावं लागतं. प्रयोगाचा हात आणि संख्याशास्त्र दोन्ही असलेला जीवशास्त्रज्ञ पुढे कमी पडेल असं वाटत नाही. नुसती पाठांतराची पदवी मात्र आधीच अशक्त होती.

लेखाशास्त्र: नोंदी करणारे जातील, तपासणारे राहतील. १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क हे पहिलं लोकप्रिय स्प्रेडशीट आलं तेव्हापासून हेच चाललंय.

भाषा घेणाऱ्यांना लोक घाबरवतात. सर्वसाधारण भाषांतराचे दर पडलेत, हे खोटं नाही. पण भाषा एकटी न घेता कायदा, वैद्यक किंवा तंत्रज्ञान यांपैकी एकाशी बांधली तर तोच माणूस मसुदा तपासणारा होतो. एकूणच दुय्यम विषयाची सोय असेल तर तो मुख्य विषयाच्या जातीचा घेऊ नका. मुख्य विषय कागदावरचा असेल तर दुय्यम हाताचा किंवा माणसांचा घ्या, आणि मुख्य हाताचा असेल तर संख्याशास्त्र घ्या. संख्याशास्त्र तसं कशालाही चालतं.

चित्रकला, डिझाइन, संगीत यांवर मी बोलत नाही, माझा प्रांत नाही.

आवडीचं काय?

आवड बघावीच, पण "कोणता विषय आवडतो?" याने काही हाती लागत नाही, कारण शाळेत आवडलेले विषय बहुतेक वेळा आवडलेले शिक्षक असतात. त्याऐवजी गोळा केलेले मंगळवार पुढे घ्या आणि त्यातला सगळ्यात रटाळ तास शोधा. आमच्याकडे तो ड्रॉइंगवरचं प्रत्येक माप ताडून बघण्याचा तास असतो. प्रयोगशाळेत तो पिपेटने तेच तेच थेंब टाकण्याचा असेल, वॉर्डात नोंदी लिहिण्याचा, न्यायालयात वाट बघण्याचा. कुठल्या विषयातला रटाळपणा तुम्ही वैताग न करता वर्षानुवर्षं काढू शकाल? ज्याला जिथला रटाळपणा सोसतो, त्याचीच नजर तिथे तयार होते.

घरच्यांशी यावरून खटका उडालाच तर त्यांच्यापुढे मतं ठेवू नका, तो पेन्सिलीने फुल्या मारलेला कागद ठेवा. त्यांचाही एक मंगळवार लिहून घ्या, त्यांच्या कामातल्या फुल्या त्यांनाच मारू द्या. बोलणं एकदम वेगळ्या सुरात होतं.

शेवटी, अर्ज भरण्याआधी विभागाच्या कार्यालयात फोन करून तीन गोष्टी लेखी मागा: पहिल्या वर्षानंतर विषय बदलता येतो का, बदलला तर कोणते गुण पुढे धरले जातात, आणि त्यासाठी अर्ज करायची शेवटची तारीख कोणती. समान किमतीच्या दोन जागांमध्ये अडकला असाल तर ज्यांनी या तिन्हींची उत्तरं सरळ दिली, ती जागा घ्या. तारीख लगेच कॅलेंडरवर टाका, कारण ती पहिल्या सत्राच्या परीक्षांच्या गडबडीतच येते.